लिंबाएवढा माल, नाकपुडीएवढं दार

त्याला सगळे बोटभर म्हणायचे. नव्याने भेटलेला माणूस हे नाव ऐकून हसायचा, कारण बोटभर असं त्याच्यात काहीच नव्हतं. दारातून आत येताना त्याला खांदा तिरका करावा लागे, आणि तो बसला की खुर्ची कुरकुरायची. नाव पडलं होतं त्याच्या हाकेवरून. घर बदलणाऱ्या लोकांचं सामान हलवणं हा त्याचा धंदा. कपाट चौकटीतून जाऊ लागलं की हा मागून ओरडायचा, "डावं बोटभर! उजवं दोन बोटं! चल!"

जड वस्तू दोघांनी न्यायची तर एकाला उलटं चालावं लागतं. तो पुढचा. त्याची पाठ रस्त्याकडे, तोंड मालाकडे. त्याला काही दिसत नाही. दिसतं ते मागच्याला. मालाच्या वरून त्याला समोरची चौकट दोन्ही बाजूंनी दिसते, आणि कुठल्या बाजूला किती बोटं जागा उरलीय ते तो सांगेल, तसं पुढच्याने पाऊल टाकायचं. डावं-उजवं नेहमी मागच्याचं. पुढच्याने एकच करायचं नाही, मान वळवायची नाही. मान वळली की खांदा वळतो, खांदा वळला की वजन एका अंगाला जातं, आणि मग मागच्याची कंबर कामातून जाते.

बोटभरचा पुढचा म्हणजे त्याचा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ. वेताच्या छडीसारखा काटकुळा. मिसरूड फुटल्यापासून तो दाजींच्या हाकेवर उलटा चालत आला होता. जिने उतरला, गल्ल्या ओलांडल्या, एकदा तर ओल्या फळीवरून पियानो घेऊन गेला. मान वळवली नाही. पाय उलटे चालायचे आणि जीभ सुसाट.

बोटभरची बायको काचसामान बांधायची. तिने गुंडाळलेला कप फुटल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. लेक टेम्पो चालवायची. चौघं एकाच धंद्यात, त्यामुळे घरात भांडायला विषय शोधावा लागत नसे.

अशात एका चौकटीचा रंग गेला.

बोटभर म्हणाला, "उजवं बोटभर," आणि कपाट खाडकन चौकटीवर आदळलं.

"दाजी, बोटभर म्हणालात," मेव्हणा म्हणाला. "कुणाचं बोट? मुंगीचं?"

पुढच्या आठवड्यात आरशाचं टेबल भिंतीला घासलं. मग मेव्हण्याच्या कोपराचं सालपट निघालं. मग दुसऱ्या कोपराचं.

"आता दोन्ही सारखी झाली," मेव्हणा म्हणाला. "आता थांबा."

रस्त्यातही लोकांना बोटभरचे धक्के लागू लागले. एक म्हातारा धक्का खाऊन म्हणाला, "सकाळी सकाळीच लावली का?" ज्याने आयुष्यात दारूचा थेंब घेतला नव्हता त्याला हे ऐकावं लागलं. घरात बायको डावीकडून पाणी घेऊन आली तरी तो दचकायचा.

"अहो, मी काय भिंतीतून येते?"

"तू एकदम उगवतेस."

"लग्नाला इतकी वर्षं झाली, आणि मी उगवते म्हणे!" ती म्हणाली. आवाज रागाचा होता, पण गाल रागाचे नव्हते.

तोवर सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग एके दिवशी लोखंडी कपाट उतरवताना बोटभर म्हणाला, "मोकळं आहे, चल," आणि मेव्हण्याने मान वळवून मागे पाहिलं. अर्धाच क्षण. कपाट तिरपं झालं, बोटभरने मांडी लावून ते सावरलं, काही मोडलं नाही. मेव्हण्याने शिवी दिली असती तर चाललं असतं. त्याने शिवी दिली नाही, मान वळवली. बोटभर त्या संध्याकाळी जेवला नाही. ज्या घरात त्याचं ताट कधी भरलेलं परत गेलं नव्हतं, तिथे हा भूकंपच होता.

बायकोने त्याला चष्म्याच्या दुकानात नेलं. पाटीवरची बारकी अक्षरंही त्याने धडाधड वाचली. दुकानातली मुलगी म्हणाली, "नजर तर उत्तम आहे," आणि मग गंमत म्हणून त्याच्या दोन्ही कानांच्या बाजूला बोटं हलवली. "किती बोटं हलतायत, काका?"

"कुठली बोटं?"

मुलीने चष्मा विकला नाही. त्याला मोठ्या दवाखान्यात पाठवलं, आणि तिथे तपासण्या होता होता तो एका सर्जनबाईंसमोर येऊन बसला. सोबत बायको होती, आणि मेव्हणा होता, कारण त्याला घरी राहा म्हणून सांगणं कुणालाच जमलं नव्हतं. बाई एवढ्याशा होत्या. बोटभरच्या एका बाहीत मावल्या असत्या. त्यांनी पडद्यावर त्याच्याच डोक्याचं चित्र दाखवलं.

"ही ग्रंथी. नाकाच्या पाठीमागे, मेंदूच्या खाली. असते वाटाण्याएवढी. तिच्यात ही गाठ झालीय. कॅन्सरची नाही, घाबरू नका. पण ती वाढत वर सरकलीय. वर दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात, तिथे दाब पडतोय. म्हणून समोरचं दिसतं आणि दोन्हीकडच्या बाहेरच्या कडा गेल्यात."

"केवढी आहे?" बोटभरने विचारलं.

"लहान लिंबाएवढी."

"काढणार कुठून?"

"नाकातून."

बोटभरने मेव्हण्याकडे पाहिलं, मेव्हण्याने बोटभरच्या नाकाकडे.

"बाई," बोटभर म्हणाला, "दार एक बोट. माल तीन बोटं."

"दाजींचं नाक मोठं आहे," मेव्हणा म्हणाला, "पण इतकंही नाही."

बायकोने भावाला कोपर मारलं. नेमकं सालपट निघालेल्या जागी लागलं.

बाई हसल्या. "अख्खी नाही काढत. आतून पोखरायची, तुकड्यातुकड्यांनी बाहेर आणायची."

"मग ती आत गेली कशी?"

"गेली नाही. आतच वाढली."

"सुतारानं खोलीतच बांधलेलं कपाट!" दाजी आणि मेव्हणा एकदम ओरडले.

असं कपाट हा सामान हलवणाऱ्यांचा जन्माचा वैरी. मालक शपथेवर सांगतो की ते ह्याच दारातून आत आलं. दार म्हणतं शक्य नाही. दोघांनी अर्धा दिवस घाम गाळायचा, आणि मग कळतं की आजोबांनी सुताराला आत बसवून ते बनवून घेतलं होतं.

"अशा कपाटाचं काय करता तुम्ही?" बाईंनी विचारलं.

"खोलतो."

"मग मीही तेच करणार. आम्ही दोघं असतो. कान-नाक-घशाचे डॉक्टर नाकातून दुर्बीण आत धरतात. तिचं चित्र पडद्यावर येतं. ते बघून मी हत्यारं चालवते."

बोटभर खुर्चीत पुढे सरकला. खुर्ची कळवळली. "म्हणजे एक बघतो, एक माल काढतो?"

"तसं म्हणा."

"मग ते तुमचे मागचे, आणि तुम्ही पुढच्या." मग त्याने मागचा आणि पुढचा म्हणजे काय ते सांगितलं, हाताची कपाटं करून. बाहेर रोगी खोळंबले होते, तरी बाईंनी ऐकलं. "तुम्ही मान वळवता का?" त्याने शेवटी विचारलं.

"मान नाही वळवत. ओरडते मात्र त्यांच्यावर."

"तेवढं चालतं," मेव्हणा अनुभवाने म्हणाला.

बोटभरने विचारलं की हे चालू असताना जागं राहता येईल का, म्हणजे चौकटीला कुठे घासतंय का ते बघता येईल. बाई नाही म्हणाल्या. बायकोने कपाळाला हात लावला.

मग त्याने खरा प्रश्न विचारला. "कडा परत दिसतील?"

बाईंनी घाई केली नाही. "बहुतेकांची नजर सुधारते. कुणाची लगेच, कुणाची हळूहळू, कुणाची थोडीच. नस किती काळ दबली होती त्यावर आहे. मी वचन देत नाही."

हे त्याला पटलं. खात्री नसेल तिथे खात्री नाही म्हणणारा माणूस त्याला आवडायचा. पण घरी येताना तो मनात हिशेब करत राहिला. कडा आल्या नाहीत तर टेम्पोत बसून दोऱ्या आवळायच्या. तेही काम आहे, त्यालाही मनगट लागतं. पण मग मागचा दुसरा कुणीतरी. आणि मेव्हणा दुसऱ्या कुणाच्या तरी हाकेवर उलटा चालणार, नाहीतर दाजींच्या हाकेवर मान वळवत चालणार. दोन्हींतलं वाईट कोणतं, ते त्याला ठरवता येईना.

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आला तेव्हा नाकात बोळे होते, तोंडाला कोरड होती, आणि डोकं नुकत्याच रिकाम्या केलेल्या खोलीसारखं घुमत होतं. समोर छत होतं. डावीकडे काहीतरी निळं हललं. उजवीकडे काहीतरी उंच आणि बारीक. दोन्ही पुसट, वाफ धरलेल्या काचेपलीकडचं दिसावं तसं. पण होतं. काल तिथे काळंसुद्धा नव्हतं. तिथे काही नव्हतंच.

"निळं," तो तोंडाने श्वास घेत म्हणाला.

"भूल उतरली नाही अजून," उजवीकडची छडी म्हणाली.

"बारीक," बोटभर म्हणाला आणि त्याच्या डोळ्यांना धार लागली. निळा स्वेटर घातलेली बायकोही रडू लागली. काय झालं ते न कळता मेव्हणाही सामील झाला. नर्सने तिघांनाही दटावलं.

घरी पाठवताना बाईंनी बजावलं. वाकायचं नाही. पाण्याच्या तांब्यापेक्षा जड काही उचलायचं नाही. नाक शिंकरायचं नाही. शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून शिंकायचं, आत कोंडायची नाही, कारण आतला तळ नुकता लिंपलेला आहे. आणि नाकातून पाण्यासारखं काही गळलं तर तडक दवाखान्यात. ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं.

बोटभरच्या घरात असा काळ कधी आला नव्हता. घरातला सगळ्यात दांडगा माणूस तांब्यापुरता उरला. बायको पाण्याचा कॅन उचलायची आणि हा पलंगावरून सांगायचा, "कमरेतून नको, मांडीतून उचल." ती म्हणायची, "तुमच्या तोंडालाही बोळा मिळतो का ते विचारून येते." शिंकेची तर सगळ्यांनी तालीम केली. घरात कुणालाही शिंक आली तरी चौघं आ वासून थांबायचे. शेजारीण साखर मागायला आली, तिच्या नाकात काही गेलं, ती शिंकली आणि समोर तीन उघडी तोंडं पाहून साखर न घेताच निघून गेली.

वर गोळ्या अशा होत्या की बोटभरला हुशारी चढायची. भूक दुप्पट, बडबड तिप्पट. सकाळी उठल्या उठल्या तो बायकोला दोन्ही बाजूंना चमचे धरायला लावायचा.

"डावा हलला. आता उजवा. आता दोन्ही! फसवू नकोस, दोन्ही!"

काच रोज थोडी पुसली जात होती. त्याने हे मेव्हण्याला उड्या मारत सांगितलं असतं, पण उड्यांनाही बंदी होती.

"चमचे दिसतात, छान आहे," मेव्हणा म्हणाला. "पण चमचा आणि चौकट यात फरक असतो, दाजी." तो हे चेष्टेत म्हणाला नाही, म्हणून जास्त लागलं.

कारण मेव्हण्याची मान आता सुटली होती. टेम्पो चालवून झाला की लेकच मागची व्हायची, ताकदीने बापावर गेलेली, हाकही चांगली. तरी मेव्हणा दर दोन पायऱ्यांना मागे बघायचा. "बाबा, माझं मनगट गेलं," ती तक्रार करायची. "मी म्हणते मोकळं आहे, हा म्हणतो बघतो."

"सवय लागली," मेव्हणा म्हणायचा आणि दुसरीकडे बघायचा.

असाच एकदा तो संध्याकाळी आला आणि दिवसभराची गोष्ट सांगू लागला. एका घरचा सोफा तिसऱ्या मजल्यावर न्यायचा होता. मोजायला चुकला आणि दुसऱ्यावरच शिरला. दार उघडंच होतं. सोफा ठेवला. आतून एक आजोबा आले, सोफ्यावर बसले आणि म्हणाले, "वा. कुणी पाठवला?"

"मग?"

"मग काय! म्हटलं, आजोबा, हा वरच्यांचा. ते म्हणाले, वरच्यांची आणि माझी ओळख नाही अजून. चला, मीही येतो. आणि उठलेच नाहीत!"

"नेले?"

"ही तुमची लेक! म्हणाली, मामा, उचल. नेले! वर पोचलो तर वरची बाई दार उघडते आणि म्हणते, सोफ्यासोबत आजोबाही? आजोबा म्हणतात, मी परत जाणार आहे."

बोटभर हसायला लागला. आधी हळू, जपून, तोंड उघडं ठेवून. मग जपणं सुटलं. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, पोट गदगदू लागलं. आणि नाकाच्या शेंड्यावरून एक स्वच्छ थेंब ओठावर पडला. मग दुसरा.



"नाक," बायको म्हणाली.

लेकीने दवाखान्यात फोन लावला. पलीकडून सांगितलं, लगेच आणा. सरळ बसवून आणा. वाकू देऊ नका, जोर लावू देऊ नका.

"मी चालतो," बोटभर म्हणाला.

"जिन्याला जोर लागतो," बायको म्हणाली. हे त्यानेच तिला आयुष्यभर शिकवलं होतं. "तुम्ही आता माल आहात. मालाने बोलायचं नाही."

तिने त्याला असा बांधला की कपानेही हेवा करावा. हातांच्या जाड खुर्चीत बसवलं, दोन्ही बाजूंना उशा खोचल्या, छातीवरून सामानाचा पट्टा घेतला, गुडघ्यांवर रजई टाकली. मेव्हण्याने खुर्चीचे पुढचे पाय धरले, लेकीने मागून पाठ धरली. "वर," ती म्हणाली. दोघांच्या मानेच्या शिरा टरारल्या.

"गोळ्यांनी भूक लागते," माल अपराधीपणे म्हणाला.

जिना अरुंद होता आणि मध्ये वळण होतं. मेव्हणा उलटा, एक पायरी खाली. लेक वर, पण तिला दिसत होतं फक्त बापाचं टक्कल. तिसऱ्या पायरीला मेव्हण्याने मान वळवली. खुर्ची डावीकडे कलली, लेक कण्हली, बायको वरून किंचाळली.

"वळवू नको मान," बोटभर म्हणाला.

"ताई म्हणाली, मालाने बोलायचं नाही."

"मला दिसतंय."

"काय दिसतंय?"

बोटभरने समोर पाहिलं. मेव्हण्याच्या घामेजलेल्या चेहऱ्याकडे, सरळ. डोळे हलवले नाहीत. डावीकडे विजेच्या मीटरची पेटी होती, तिचा एक पत्रा बाहेर आलेला. उजवीकडे कठड्यावर कुणाचा तरी पिवळा टॉवेल. मध्ये मेव्हणा. तिघंही एकाच वेळी, आपापल्या जागी. त्याला गरगरल्यासारखं झालं. इतकी रुंद जागा जगात होती आणि तो इतके दिवस तिच्या मधल्या फटीत राहिला होता.

"डावं पेटी, बोटभर," तो म्हणाला. "उजवं टॉवेल, दोन बोटं. पायरी. चल."

मेव्हणा थांबला. मग त्याने मान ताठ केली आणि पाय मागे टाकला. पेटीच्या पत्र्याला खुर्ची लागली नाही. टॉवेल हललासुद्धा नाही.

"पायरी. पायरी. आता वळण, उजवं आत घे. डावं मोकळं आहे, मुठीएवढं! ये, ये, ये! पायरी!"

"ओरडू नका, जोर लागतो!" बायको वरून ओरडली.

"मी हळूच ओरडतोय!"

खाली पोचेपर्यंत मेव्हणा हसत होता, लेक हसत होती आणि माल पट्ट्यात बांधलेला फुगत होता. कुठेही ओरखडा नव्हता.

दवाखान्यात बाईंनी नाकात दुर्बीण घातली, निरखून पाहिलं, मग त्याला पुढे झुकवून बसवलं आणि थेंबाची वाट पाहिली. थेंब आला नाही.

"रडला होतात का?"

"हसलो. डोळ्यांना धार लागली होती."

"मग तेच पाणी. डोळ्यांतलं पाणी नाकातच उतरतं. आतला तळ पक्का आहे. तुम्ही आलात ते बरोबरच केलंत. पण घरी जाताना चालत जा, हळूहळू. ह्या दोघांची पाठ वाचू दे." मग त्यांनी बोटभरच्या कानांशी बोटं हलवली. त्याने दोन्ही सांगितली. बाईंनी हात आणखी मागे नेले. त्याने तीही सांगितली. त्या हात नेत गेल्या आणि तो सांगत गेला, शेवटी त्यांचे हातच पुरेनात.

घरी पोचल्यावर लेकीने खुर्ची एका हाताने उचलली आणि ती आईसोबत पुढे गेली. बोटभरने पहिल्या पायरीवर पाय ठेवला. हळू, मांडीतून. मेव्हणा त्याच्या पुढे दोन पायऱ्या वर चढला आणि तिथे वळून दाजींकडे तोंड करून उभा राहिला. हात रिकामे, पाठ जिन्याकडे.

"हे काय?" बोटभरने विचारलं.

"सांगा की."

"माल कुठाय?"

"माल कशाला पाहिजे? सांगा."

बोटभरने भिंत पाहिली, कठडा पाहिला. "पायरी," तो म्हणाला.

मेव्हणा उलटा एक पायरी चढला. "पायरी," आणि आणखी एक. वरून शेजारीण कचऱ्याचा डबा घेऊन उतरत होती. एक माणूस रिकाम्या हातांनी उलटा जिना चढतोय आणि दुसरा त्याला वाट सांगतोय, हे पाहून ती भिंतीला चिकटून उभी राहिली.

"काय चाललंय?"

"काम," मेव्हणा म्हणाला. त्याने तिच्याकडे मान वळवली नाही.

"डावं शेजारीण," बोटभर म्हणाला. "तीन बोटं. चल."